विद्यापीठातल्या पोरांसाठी खरंच कामाची एआय साधनं कोणती? (लिहून मागायचं नाही, शिकायचंय)

बालाघाटी
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातून, एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. पदवीपर्यंत सगळं मराठीतून झालं. आता रिसर्च प्रोजेक्ट आलाय आणि त्यासाठी वाचायचं ते सगळं इंग्रजीत. रील उघडलं की कुणीतरी ‘ही दहा एआय टूल्स वापरा, अभ्यास संपलाच समजा’ म्हणून ओरडत असतो. त्यातली निम्मी पैसे मागतात. उरलेली आतून एकच असावीत, वरचा रंग तेवढा वेगळा.

माझ्याकडं फोन आहे, रूममेटचा लॅपटॉप अधूनमधून मिळतो. प्रोजेक्टचा विषय: तुरीच्या भावातले चढउतार आणि आमच्या तालुक्यातले शेतकरी. गरजा चारच. इंग्रजी लेख समजणं, संदर्भ शोधणं, आकडेमोड आणि व्हायवाची (तोंडी परीक्षेची) तयारी. लिहिणार मीच आहे. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा, रीलवाल्यांनी माफ करा.

हुरडा_पार्टी
मागच्या बाकावरचा हुशार मित्र. मराठी येतं, रिचार्ज लागत नाही, चहावर चालतो.

पानचक्की
हुरडा, तो मित्र परीक्षेच्या आदल्या रात्री फोन उचलत नाही.

बालाघाटी, तुझ्या कामाला सगळ्यात आधी नोटबुकएलएम घे. गुगलचं आहे, फुकट खात्यात एका वहीत ५० स्रोत टाकता येतात. चॅटजीपीटीला विचारलं की ते आपल्या पोटातलं काढून सांगतं. हे मात्र तू दिलेल्या कागदांवरच बोलतं. तुझ्या विषयाला लागणारा माल सरकारनंच तयार ठेवलाय. कृषी खर्च व मूल्य आयोग दरवर्षी खरिपाच्या भावधोरणाचा अहवाल काढतो, पीडीएफ फुकट मिळतो. मागच्या काही वर्षांचे अहवाल एका वहीत टाक आणि सरळ मराठीत विचार: ‘तुरीचा उत्पादन खर्च कसा काढलाय? ए२ अधिक एफएल आणि सी२ यांत काय फरक?’

उत्तर मराठीत येतं आणि वाक्यांच्या शेवटी बारीक आकडे दिसतात. त्या आकड्यावर बोट ठेवलं की अहवालातला मूळ इंग्रजी उतारा उघडतो. तो उतारा वाचायचाच, तिथं आळस करायचा नाही. मराठी उत्तर आणि इंग्रजी पुरावा असे शेजारी शेजारी वाचत गेलं की दोनतीन महिन्यांत इंग्रजी अहवालाची भीती मोडते. मी पीएच.डी.चं बरंचसं वाचन असंच रेटलं.

ऑडिओचीही सोय आहे. तू टाकलेल्या कागदांवर दोन आवाज गप्पा मारतात, मराठीतही. संभाजीनगर ते बीड एसटीत ऐकायला बरं. पण वरवरचं असतं, तक्त्यातला आकडा त्यावरून उचलू नकोस.

सोयाबीन
ए२, एफएल, सी२... हे भाव आहेत का एसटीच्या सीट नंबर?

पानचक्की
:) बी-बियाणं, खत, मजुरी, भाड्यानं घेतलेली जमीन असा खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए२. घरच्या माणसांनी राबलेल्याची मजुरी म्हणजे एफएल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी२. हमीभाव दीडपट म्हणतात तो ए२ अधिक एफएलच्या. सगळं भांडण तिथंच आहे.

सोयाबीन
म्हणजे माझ्या बापाची मजुरी एफएल. घरी सांगतो, खूश होतील.

तासिकावाला
रंगाचा बेरंग करतो, पण दुसरी बाजूही ऐका. मी पदवीच्या पोरांना शिकवतो, तासिका तत्त्वावर. असाइनमेंटचा गठ्ठा उघडला की पहिल्या ओळीपासून ‘आजच्या गतिमान युगात’ आणि शेवटी ‘अशा प्रकारे असे म्हणता येईल की’. वर्गात ज्यांच्या तोंडातून कधी शब्द फुटत नाही ती लेकरं कागदावर ‘बहुआयामी दृष्टिकोन’ लिहायलीत. परवा एका वहीत उत्तर संपल्यावर सुंदर अक्षरात, निळ्या पेननं लिहिलेलं होतं: ‘तुम्हाला हवे असल्यास मी याची पीपीटीही तयार करून देऊ शकतो.’ म्हणजे लेकरानं कॉपी-पेस्टसुद्धा केलं नव्हतं. हातानं उतरवलं, तेही न वाचता.

बालाघाटी म्हणतो तो लिहिणार आहे. चांगली गोष्ट. पण समजून घेण्याचं कामही दुसऱ्यावर सोपवलं तर लिहायला उरतं काय? मूळ लेख वाचायच्या आधी सारांश वाचला की मूळ लेख कुणी उघडत नाही. मी तर म्हणतो पहिल्या वर्षाला हे सगळं बंदच करा.

हुरडा_पार्टी
सर, पीपीटी घेतली का मग?

तासिकावाला
तासिकेच्या मानधनात पीपीटी बसत नाही.

गोदाकाठ_नांदेड
सर, आदर राखून सांगते. बंद करा म्हणणं सोपं आहे. संभाजीनगर-पुण्यात क्लास लावणाऱ्या पोरांना शंका विचारायला दहा जण असतात. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं पद वर्षानुवर्षं रिकामं, सगळा विषय गाइडवर. मला काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी कुणी शिकवली असेल तर या चॅटबॉटनं. ‘मला सोयाबीन आणि कापसाचं उदाहरण घेऊन सांग, एकेक पायरी सांग, मी हो म्हणेपर्यंत पुढं जाऊ नको’ असं सांगितलं आणि रात्री दोनला समजलं. रात्री दोनला कोणते सर भेटतात?

दोन सोयी नावानं सांगते. चॅटजीपीटीत स्टडी मोड आहे, जेमिनायमध्ये गाइडेड लर्निंग. दोन्ही २०२५ च्या जुलै-ऑगस्टात आले. हे थेट उत्तर देत नाहीत, उलट तुलाच प्रश्न विचारत नेतात. कंटाळा येतो, पण सरांची जी तक्रार आहे त्यावर औषध हेच आहे.

तासिकावाला
रिकाम्या पदांचं बोललात, तिथं मी निरुत्तर. ती पदं भरली असती तर मीही तासिकेवर नसतो.

ग्रंथपाल_काका
संदर्भांबद्दल मी बोलतो, कारण त्याचा मार मलाच बसतोय. पोरं कागद घेऊन येतात, ‘काका, हे लेख काढून द्या.’ यादी देखणी असते. लेखकाचं नाव, नियतकालिकाचं नाव, खंड, अंक, पानं, सगळं जागच्या जागी. शोधायला बसलो की लक्षात येतं, नियतकालिक खरं आहे, पण त्या खंडाच्या त्या पानांवर भलताच लेख. लेखक खरा, पण त्यानं आयुष्यात तुरीवर अक्षर लिहिलेलं नाही. इंटरनेटवर न शोधणारा चॅटबॉट संदर्भ शोधत नाही, संदर्भासारखी दिसणारी ओळ रचतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच न झालेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. ते वकील होते. आपण तर एम.ए.ची पोरं.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी खरी जागा, मग एआय. गुगल स्कॉलर, शोधगंगा (तुरीच्या भावावर आपल्याच विद्यापीठांतले प्रबंध सापडतील), सिमँटिक स्कॉलर. तिथून खरा पीडीएफ उतरवा आणि तो पानचक्कीबाई म्हणतात त्या वहीत टाका. शोधायलाच एआय हवं असेल तर परप्लेक्सिटी किंवा एलिसिट घ्या, ते निदान दुवा देतात. पण दुवा उघडून बघायचा. दुवा आहे म्हणजे मजकूर त्यात आहेच असं नाही.

आणखी एक. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू आहे. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि सरकारी महाविद्यालयांना खुली झाली. पैसे भरून ठेवलेत आणि आमच्याकडं विचारायला कुणी येत नाही. पोरं चोरीच्या साइटवर भटकतात आणि वर म्हणतात लेख मिळत नाहीत.

पानचक्की
‘बाई’ नाही हो काका, दाढी आहे मला.

ग्रंथपाल_काका
नाव बघून वाटलं. चुकीला माफी असावी.

बदनापूर_७११
कृषी विद्यापीठ, परभणीकडून हजेरी. तुरीचं निघालंच आहे तर एक युक्ती देतो. कोणतंही एआय वापरायच्या आधी त्याला आपल्याला पक्कं माहीत असलेलं विचारायचं. मी बीडीएन ७११ विचारतो. हे तुरीचं वाण आमच्या विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचं, जालना जिल्हा. इंटरनेटवर न शोधता उत्तर देणारा बॉट कधी त्याला भलत्याच राज्यात जन्माला घालतो, कधी कालावधी मनानं सांगतो, आणि आवाज मात्र तज्ज्ञाचा. मग हमीभाव विचारतो. २०२४-२५ ला क्विंटलला ७,५५० रुपये, २०२५-२६ ला ८,०००. जुना आकडा सांगितला तर समजायचं की याची माहिती शिळी आहे, शोध चालू करायला सांगायचं.

पानाचा फोटो टाकून रोग विचारणारे खूप झालेत. कापसाच्या लाल पानाला एकदम औषधाचं नाव सांगून मोकळं होतं. लाल्या मॅग्नेशियम कमी पडल्यानं होतो, रात्रीच्या थंडीनं होतो, पाणी साचूनही होतो. शेतात न जाता फोटोवरून सांगणारा माणूस असता तर आपण त्याला चहासुद्धा पाजला नसता.

किल्लारीकर
युक्ती भारी. मी १९९३ च्या भूकंपावर विचारून बघतो. ३० सप्टेंबर, पहाट, हे बरोबर सांगतं. गावांच्या पुनर्वसनावर आलं की सगळं गुळगुळीत. कोणत्या गावात काय झालं, लोक जुन्या जागी परत का गेले, याला उत्तर नाही. आपल्याकडचं जे इंटरनेटवर नाहीच ते त्याला येणार कुठून? तेच पुण्या-मुंबईचं विचारा, धो धो बोलतं.

सोयाबीन
आपल्याकडचं तर आपल्यालाही विचारत नाही कुणी.

किल्लारीकर
हे मात्र खरं बोललास :)

फडावरची
किल्लारीकरांचा मुद्दा पुढं नेते. माझा एम.एस.डब्ल्यू.चा प्रबंध ऊसतोड कामगार बायांवर होता, बीड जिल्हा. मुलाखती फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या एआयनं लिपिबद्ध करून बघितल्या. पुस्तकी मराठी बोलणारा सुपरवायझर जवळपास नीट आला. केजकडच्या मावशी बोलायला लागल्या की निम्मं भलतंच, आणि मागं ट्रॅक्टरचा आवाज असला तर जे बोललंच नाही तेही लिहून मोकळं. तरी पहिला कच्चा मसुदा म्हणून चाललं, मग कान लावून दुरुस्त केलं. हातानं लिहिण्यापेक्षा वेळ वाचला, नाही म्हणणार नाही.

खरा घोटाळा सारांशात झाला. एका मावशीनं सांगितलं होतं की मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून ऑपरेशननंतर टाके ओले असताना पुन्हा फडावर गेले, नाही गेलं तर खाडा लागतो आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. एआयनं सारांश दिला: ‘सहभागी महिलांना आरोग्यविषयक व आर्थिक आव्हानांचा सामना करावा लागतो.’ वाक्य चुकीचं नाही. पण माझा प्रबंध ज्या ओळीसाठी होता तीच ओळ गेली. त्यानंतर मुलाखतींचा सारांश मी कधी मागितला नाही. मागायचंच असेल तर ‘उचल आणि खाडा या दोन्हींबद्दल बोललेली मूळ वाक्यं जशीच्या तशी काढून दे’ असं मागते आणि रेकॉर्डिंगशी ताडून बघते.

आणि बालाघाटी, शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार असशील तर नाव, गाव, फोन, कर्जाचा बँक खाते क्रमांक असलं काही चॅटमध्ये टाकू नको. शे-१, शे-२ असे क्रमांक दे. फुकटच्या खात्यात आपलं बोलणं त्यांच्या प्रशिक्षणाला वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, ते आधी कर. त्या माणसानं तुला सांगितलंय, कंपनीला नाही.

तासिकावाला
फडावरची, तुमची ही पोस्ट वर्गात वाचून दाखवू का?

फडावरची
दाखवा सर.

हुरडा_पार्टी
मूळ प्रश्न फुकटचा होता त्याकडं या की. कोण काय फुकट देतंय?

गोदाकाठ_नांदेड
२०२५ मध्ये पाऊस पडला होता फुकटचा. गुगलनं भारतातल्या विद्यार्थ्यांना जेमिनायचं प्रो वर्षभर दिलं, एअरटेलनं परप्लेक्सिटी प्रो दिलं, जिओनं जेमिनाय दिलं, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट झालं. या योजना येतात-जातात, आज काय चालू आहे ते ॲपमध्येच बघ. कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागितलं तर वर्ष संपायच्या आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेव. माझ्या एका मैत्रिणीचे मेसचे पैसे असेच एका सबस्क्रिप्शनला गेले.

पण खरं सांगू? तुझ्या कामाला साधं फुकट खातं पुरतं.

मोडी_वाचक
जुन्या मराठी पीडीएफचा त्रास कुणी सांगितला नाही. आपल्या मराठी नोट्स, जुने अहवाल, जिल्हा सांख्यिकीतली जुनी पानं श्रीलिपी किंवा कृतिदेवात टाइप केलेली असतात. डोळ्याला मराठी दिसतं, कॉपी केलं की आतून रोमन अक्षरांचा कचरा निघतो. एआयला तो कचराच दिसतो आणि त्यावरही ते बिनधास्त उत्तर देतं! उपाय असा: त्या पानांची चित्रं काढा, गुगल ड्राइव्हवर चढवा, गुगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर युनिकोडमध्ये येतो. जोडाक्षरं आणि आकडे तपासा, १ आणि ९ ची अदलाबदल होते. मग वहीत टाका.

मोडीचं मात्र अजून हातानंच. आयआयटी रुडकीनं २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करणारं एक प्रारूप मांडलंय, पण निजामकाळातलं दफ्तर उर्दूतही आहे, मोडीतही आहे, आणि वाळवीनं खाल्लेलं तिसऱ्याच लिपीत आहे.

विभागप्रमुख_नाही
आमच्याकडं एकाचा लेख ‘एआयनं लिहिलेला, ८० टक्के’ म्हणून परत आला. बिचाऱ्यानं स्वतः लिहिला होता, इंग्रजी पुस्तकी होतं एवढंच. कुणाकडं दाद मागायची?

ग्रंथपाल_काका
दोन वेगळ्या गोष्टी एक करू नका. यूजीसीचे २०१८ चे नियम साम्याचे, म्हणजे वाङ्मयचौर्याचे. १० टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढं पायऱ्या आहेत, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. ‘एआय टक्का’ हा निराळा अंदाज आहे, तो पुरावा नाही. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनं स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या टोफेल या इंग्रजी परीक्षेच्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त या यंत्रांनी एआयचे ठरवले. आपली पोरं नेमकी त्यातच बसतात.

त्याला सांगा, कच्चे मसुदे दाखव. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर आवृत्त्यांचा इतिहास आपोआप राहतो, तारीख-वेळेसकट. यापुढं लिहिणाऱ्यांनी तिथंच लिहावं.

गोदाकाठ_नांदेड
आकडेमोड राहिली. बालाघाटी, चॅटबॉटला बाजारभावाचे आकडे देऊन ‘सरासरी काढ’ म्हणू नको, तोंडी हिशोबात ते घसरतं. ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या साइटवरून लातूर बाजार समितीचे तुरीचे मासिक भाव उतरव. मग एआयकडून पायथॉन या संगणकी भाषेतला कोड लिहून घे आणि गुगल कोलॅबमध्ये चालव, तिथं ब्राउझरमध्येच कोड चालतो. गणित कोड करतो, एआय नुसता कोड लिहितो. फोनच्या ब्राउझरमध्येही चालतं, डोळे दुखतात तेवढे. भाव चढउतारासाठी विचलन गुणांक (सरासरीच्या मानानं भाव किती वरखाली होतो ते) काढशील, तर एका वर्षाचा हातानं काढून ताळा घे. प्रोजेक्टचे गाइड सर तेच विचारणार.

बालाघाटी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. अहवाल टाकून बघितले. सी२ पहिल्यांदा कळलं, आणि आमच्या घरच्या तुरीचा खर्च काढून बघितला तर वडील म्हणाले, ‘हे लिहू नको, लोक हसतील.’ कोलॅब उद्या, लॅपटॉप मिळाला की. शोधगंगेवर दोन प्रबंध सापडले.

आता व्हायवा. एआयला परीक्षक करायचं तर नेमकं काय सांगायचं?

पानचक्की
प्रोजेक्टचा मसुदा दे आणि सांग: ‘तू बाहेरून आलेला परीक्षक आहेस. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं उत्तर मोघम असेल तर कौतुक करू नको, तिथंच पुढचा प्रश्न विचार. शेवटी माझी कच्ची जागा सांग.’ कौतुक करू नको हे लिहायलाच हवं, नाहीतर ‘अतिशय उत्कृष्ट उत्तर!’ म्हणत बसतं. आवाजात कर, म्हणजे बोलायची सवय होईल.

तासिकावाला
ते करच. पण मी परीक्षक असतो तर काय विचारलं असतं ते लिहून घे. भाव म्हणजे कुठला भाव? बाजार समितीच्या फलकावरचा सर्वसाधारण भाव, की आडत, हमाली, तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात पडलेला? तुझ्या तालुक्यातले किती जण हमीभाव केंद्रावर विकतात आणि किती जण खळ्यावरच व्यापाऱ्याला? केंद्र सुरू व्हायच्या आधीच माल विकलेल्याला हमीभाव वाढल्याचा उपयोग काय? तूर जानेवारीत येते, पैसे कधी लागतात? आणि हे सगळं विचारायला ॲगमार्कनेट पुरणार नाही, दहावीस घरं फिरावी लागतील. फिरलास का?

बालाघाटी
सर, फिरलो नाही अजून. शनिवारपासून जातो. आडत-तोलाईचं डोक्यातच नव्हतं.

सोयाबीन
सर, ही तासिका बिलात लावा.